मात दिसते कशी?

गेल्या वर्षी महाविद्यालयातील बुद्धिबळ स्पर्धेच्या उपांत्य फेरीत माझ्याकडे एक घोडा जास्त होता. डाव जिंकलाच अशा थाटात मी एक प्यादे मारले. प्रतिपक्षाने शांतपणे आपला हत्ती माझ्या पहिल्या पट्टीत आणून ठेवला आणि डाव संपला! किल्लेकोट करून बसलेला माझा राजा पुढच्या तीन प्याद्यांमागे कोंडला गेला होता. एक प्यादे वेळीच एक घर सरकवले असते, तर त्याला खिडकी मिळाली असती.

त्या पराभवाने एक गोष्ट शिकवली. शह देणारा मोहरा बहुधा एकच असतो. पळवाटा अडवणारे मात्र अनेक, आणि त्यांत राजाचीच माणसे पुष्कळ. म्हणून मात शोधताना ‘शह कुठून द्यावा?’ यापेक्षा ‘राजाला कोणती घरे मोकळी आहेत?’ हे आधी पाहावे.

घोड्याची कोंडमात पाहा. लुसेनाच्या १४९७ मधील स्पॅनिश पुस्तकातही ती आहे. काळा राजा जी-८ वर, शेजारी एफ-८ वर हत्ती, जी-७ व एच-७ वर प्यादी. पांढरा वजीर सी-४ वर व घोडा एफ-७ वर. घोडा एच-६ वर जाताच वजिराचा आणि घोड्याचा असा दुहेरी शह बसतो. राजाला एच-८ या कोपऱ्यातच जावे लागते. आता पांढरा वजीर सरळ जी-८ वर! त्याला घोड्याचा जोर असल्याने राजा मारू शकत नाही. हत्तीलाच मारावे लागते. मग घोडा परत एफ-७ वर, आणि मात! राजाभोवतीची तिन्ही घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली.

पॉल मॉर्फीने १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात हेच तत्त्व वापरले. सोळाव्या खेळीला त्याने वजीर दिला. तो मारण्यासाठी काळा घोडा हलला आणि हत्तीची वाट मोकळी झाली. सतराव्या खेळीला हत्ती डी-८ वर, त्याला उंटाचा जोर. ई-८ वरील राजाच्या एका बाजूस त्याचेच प्यादे व उंट. दुसऱ्या बाजूची घरे पांढऱ्याच्या ताब्यात.

अशी पाच-सहा चित्रे मनात पक्की बसली, की डावात ती दुरून ओळखू येतात. मात्र ती प्रतिपक्षाच्या राजाभोवती शोधण्यापूर्वी एकदा आपल्या राजाकडेही पाहावे. मी पाहिले नव्हते!

— द्वितीय वर्ष, विज्ञान