जांभळी वीज, लाल वीज

वीज पांढरी असते असं कोण म्हणालं रे? नीट बघितलंत तर तिच्यात जांभळी झाक दिसेल, कधी गुलाबी, कधी चक्क नारिंगी. आता का ते ऐका.

विजेचा लोळ आकाशभर पसरल्यासारखा वाटतो, पण त्याची खरी वाट जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाड असते. त्या वाटेतली हवा क्षणभरात 30,000 अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! एवढ्या उष्णतेत हवेचे रेणू फुटतात आणि अणू चमकू लागतात. प्रत्येक मूलद्रव्याचे रंग ठरलेले. हवेत 78 टक्के नायट्रोजन, तो निळा-जांभळा उजेड देतो. पावसाळी हवेतली वाफ फुटून हायड्रोजन सुटतो, तो लाल. दोन्ही मिसळले की गुलाबी झाक आलीच.

हे कळलं कसं, ती गोष्ट तर आपल्या मुलखाजवळची आहे. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, जॉन हर्शेल, भारतात सर्वेक्षण खात्यात लष्करी अभियंता होता. 1868च्या 18 ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण होतं, आणि ते बघायला तो पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात गेला. ढगांनी फार छळलं, तरी फटीतून त्याला सूर्याच्या ज्वाळांच्या प्रकाशातल्या रंगीत रेषा दिसल्याच. त्याच वर्षी त्यानं उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारा, हातात धरायचा वर्णपटदर्शक विजेकडे रोखला. वीज कधी, कुठे चमकेल याचा नेम नाही, म्हणजे डोळा लावून बसायचं आणि पापणी लवायच्या आत रेषा टिपायच्या! त्याला नायट्रोजनची तेजस्वी रेषा ओळखता आली. मला या माणसाच्या चिकाटीचं फार कौतुक वाटतं.

मग नारिंगी वीज? ती बहुधा लांबची असते. मधल्या हवेत निळा उजेड विखुरतो, पिवळा-तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो, मावळत्या सूर्यासारखा. वळवाच्या वावटळीत धूळ उडाली असेल तर आणखीच.

आणि खरी नवलाई ढगांच्या वर आहे. 1989 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात शास्त्रज्ञ रॉकेटवर लावायचा कॅमेरा तपासत होते. वादळाच्या डोक्यावर उजेडाचे दोन खांब त्यात अवचित टिपले गेले. त्यांना आता स्प्राइट म्हणतात. पुढे रंगीत चित्रण झालं, तेव्हा ते लाल निघाले! 50 ते 90 किलोमीटर उंचीवर हवा अगदी विरळ असते. तिथे नायट्रोजनचे रेणू फुटत नाहीत, अख्खेच चमकतात, आणि अख्खा रेणू लाल दिसतो. नायट्रोजन तोच, खाली जांभळा, वर लाल.

साध्या डोळ्यांनीही हे स्प्राइट दिसतात बरं का. वादळ दोन-तीनशे किलोमीटर लांब हवं, आपल्या डोक्यावर आभाळ मोकळं आणि गावचे दिवे मागे. मग ढगाकडे नाही, ढगाच्या बराच वर बघत राहायचं.