नदीच्या प्रकृतीची परीक्षा

नदीचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत धाडले, की तिच्या प्रकृतीचा दाखला हाती आला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आणि तो दाखला निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणणार नाही. पाण्यातील सेंद्रिय मळ कुजवताना सूक्ष्म जीव किती प्राणवायू फस्त करतात हे मोजणारी ‘बीओडी’ची कसोटी जुनी व विश्वासार्ह असून, स्नानयोग्य पाण्यात हे प्रमाण लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक आणि विरघळलेला प्राणवायू 5 मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा, असा आपल्याकडचा दंडक आहे. परंतु बाटली त्या एका क्षणाचीच हकीकत सांगते. रात्री गुपचूप सोडलेले रसायन सकाळपर्यंत वाहून गेले असेल, तर त्याचा सुगावा तिच्यात कोठून लागणार?

तो लागतो नदीच्या तळाशी कायम वस्ती करून असलेल्या जीवांकडे. सह्याद्रीतल्या एखाद्या स्वच्छ ओढ्याच्या खळाळात दगड उलटून पाहावा, तर पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले हलवणारी मेफ्लायची चपटी पिल्ले आणि वाळूचे कण रेशमी धाग्याने सांधून स्वतःभोवती नळी बांधणारी कॅडिसफ्लायची अळी दृष्टीस पडते. या जीवांना पळून जाता येत नाही. महिनोन्‌महिने जे पाणी वाहिले, ते सारे त्यांनी सोसलेले असते. उलट पुण्यातील मुठेसारख्या, शहराचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या नदीच्या गाळात, रक्तातील हिमोग्लोबिनच्या बळावर अल्प प्राणवायूतही तग धरणाऱ्या लाल अळ्या आणि शेपटे वर काढून डुलणारे ट्युबिफेक्स कृमी यांचेच राज्य चालते.

विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्कविट्झ व मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी कोणता जीव किती मलिन पाण्यात आढळतो, याची पद्धतशीर वर्गवारी केली. पुढे ब्रिटनमध्ये, अत्यंत नाजूक कुळांना 10 आणि कृमींना 1, असे गुण देण्याची रीत 1970च्या दशकात आखली गेली, व तिचेच रूपांतर आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्वीकारले. मात्र मैदानातील गाळवट नदीने डोंगरी ओढ्याइतके गुण मिळवावेत, ही अपेक्षा अन्यायाची होय. प्रत्येक नदीची तुलना तिच्याच जातीच्या, शक्य तितक्या अबाधित प्रवाहाशी झाली पाहिजे.

या परीक्षेत आणखी एक गोष्ट उघडकीस येते. मुठेचे पाणी टेमघर आणि खडकवासला येथे अडवले जाते. खालच्या पात्रातला प्रवाह आटला, दगडांमधल्या फटी गाळाने बुजल्या किंवा काठ सिमेंटने बांधून काढले, तर सांडपाणी निर्मळ करून सोडले तरी खळाळावर जगणारे जीव परतत नाहीत. म्हणून नदीसुधाराच्या योजनेचा हिशेब मागताना किती मैलापाणी शुद्ध केले एवढ्यावरच न थांबता, ऐन उन्हाळ्यात पात्रात किती पाणी सोडले आणि दगडाखाली कोणकोण पुन्हा नांदू लागले, हेही नागरिकांनी विचारले पाहिजे.