ट्रकवाल्याच्या घरातले नियम

लग्नाच्या बैठकीत "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "ट्रकवर ड्रायव्हर आहे" असं उत्तर आलं, की चहाचे कप भराभर रिकामे होतात. आमच्या रावेर-सावद्याकडे हे मी कितीदा तरी पाहिलंय. खरं म्हणजे आमचा सगळा केळीचा पट्टा ट्रकच्या जिवावर चालतो. घड हिरवा असतानाच कापायचा आणि गाडी दिल्ली-पंजाबच्या वाटेला लावायची. शेतकऱ्याला ट्रकवाला हवा, व्यापाऱ्याला हवा, जावई म्हणून मात्र कुणालाच नको! आणि मैत्रिणींनो, ड्रायव्हरच्या बायकोला विचाराल, तर आपला मुलगा त्या सीटवर बसायला तिलाही नको असतो.

बचत गटाच्या कामामुळे अशा बऱ्याच घरांत माझं जाणं-येणं आहे. "का नको गं?" म्हटलं की आधी "जिवाला घोर" हेच उत्तर येतं. पण जरा निवांत बसलं, की हळूहळू नियम-कायदे बाहेर पडतात. लायसन, पासिंग, ओव्हरलोड, चालान... आरटीओची भाषा या बायकांना पाठ असते.

आठवी पासची अट आठवते का? शाळा सोडून क्लीनर म्हणून गाडीवर चढलेली कितीतरी मुलं आमच्याकडे होती. वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली राहून हात तयार झालेला, पण आठवीचं सर्टिफिकेट नाही, म्हणून ट्रान्सपोर्टचं लायसन नाही. 2019 मध्ये केंद्र सरकारने ही अट काढून टाकली. बरं झालं, पोटाचा रस्ता मोकळा झाला. पण आता चालान मोबाइलवर येतं. ते वाचता न येणारा गडी दंड कशाचा लागला हे घरी फोन करून मुलीला विचारतो. शिक्षणाची अट गेली, शिक्षणाची गरज कुठे गेली?

लायसनच्या तारखांचं तर वेगळंच प्रकरण. ट्रान्सपोर्टचं लायसन पूर्वी तीन वर्षांनी नवं करावं लागे, 2019 च्या दुरुस्तीपासून ते पाच वर्षांनी करायचं असतं. सोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा! आणि मुदत संपलेल्या लायसनवर अपघात झाला, तर विम्याचं भांडण वेगळंच. नवरा पंधरा-पंधरा दिवस बाहेर, मग तारीख लक्षात कोण ठेवणार? आमच्या गटातल्या एका वहिनींनी कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केलेला असतो. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, हेही त्यांनीच बाकीच्या बायकांना सांगितलं. तेव्हा एजंटच्या "आता उशीर झाला, जास्त पडतील" या बोलण्याला आधीच चाप लावता येतो.

पण माझा खरा राग आहे तो कामाच्या तासांवरून. ड्रायव्हरने दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास काम करावं, पाच तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती घ्यावी, असा कायदा आपल्याकडे 1961 मध्येच झाला होता. मोटार परिवहन कामगार कायदा त्याचं नाव. मी हे गटात वाचून दाखवलं तेव्हा बायका खळखळून हसल्या. "ताई, हे कुठल्या देशातलं?" एकीने विचारलं. कारण कायद्यातच मेख होती. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकालाच तो लागू. आमच्याकडे मालकाची एक नाहीतर दोन गाड्या, त्यावर बँकेचा हप्ता आणि एक ड्रायव्हर. त्याला कुठला आठ तासांचा नियम? नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यात हा जुना कायदा सामावला गेला. तिथे तर दहा कामगारांची मर्यादा आली. म्हणजे आमच्या घरांपासून कायदा आणखी लांबच गेला म्हणायचा.

साधा हिशेब करा. इथून दिल्ली हजारेक किलोमीटर. ताशी चाळीस धरले तर आठ तासांत 320 किलोमीटर होतात. म्हणजे नियमाने चाललं तर गाडी चौथ्या दिवशी पोचणार. मे महिन्याच्या उन्हात केळी तितकी थांबते होय? व्यापारी फोनवर फोन करतो, मालक ड्रायव्हरला सांगतो, आणि ड्रायव्हर चहा-तंबाखूवर रात्र काढतो. पैसे ट्रिपवर मिळतात, तासांवर नाही. झोपला तर त्याचीच ट्रिप बुडते. युरोपात म्हणे गाडीतच यंत्र असतं, साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावंच लागतं, आणि सगळी नोंद यंत्रात राहते. आपल्याकडे वजन करायला काटा आहे, धूर तपासायला यंत्र आहे; ड्रायव्हर किती तास जागा आहे हे मात्र फक्त त्याच्या बायकोला ठाऊक, तेही फोन लागला तर.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. 2025 पासून नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिनची सक्ती आली. जुन्या गाड्यांना ती नाही, आणि आमच्याकडे बऱ्याच गाड्या जुन्याच. असो.

जानेवारी 2024 मधला संप तुम्हाला आठवत असेल. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. नव्या न्याय संहितेत, अपघात करून पोलिसांना न कळवता पळून गेलेल्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. आधीच्या कायद्यात निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा हे कलम बाजूला ठेवलं गेलं. जखमी माणसाला टाकून पळणं वाईटच, त्यात वाद नाही. पण "थांबला तर लोक मारतात, पळाला तर जेल" असं त्या वहिनी म्हणाल्या, तेव्हा मला उत्तर सुचेना. मग वकिलांना विचारलं. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 134 आहे. जखमीला मदत करणं चालकाचं कर्तव्यच, पण जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर कायदा ते समजून घेतो. पोलिसांना लगेच कळवणं मात्र हवंच. तेव्हापासून गटातल्या बायकांनी नवऱ्यांच्या फोनमध्ये 112 नंबर सगळ्यात वर सेव्ह करून दिलाय.

तरुण मुलं आता मोठ्या ट्रकपेक्षा पिकअप बरी म्हणतात. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवायला मान्यता दिली. सकाळी निघालं, रात्री घरी. पैसा कमी, पण मुलाला बाप दिसतो.

आणि बायका? नियमाने आपल्याला कुठेच अडवलेलं नाही. नंदुरबारला वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या योगिता रघुवंशी पती गेल्यावर ट्रकच्या स्टिअरिंगवर बसल्या आणि दोन मुलांना वाढवलं. त्यांच्याबद्दल गटात सांगितल्यावर सगळ्यांत आधी काय प्रश्न आला असेल? "रात्री गाडी उभी कुठे करतात? आणि बाथरूमचं काय?" हायवेवर ट्रकवाल्यांसाठी स्वच्छ संडास आणि निजायची जागा किती ठिकाणी आहे, हे येता-जाता बघा एकदा.

त्या लाल गोलवाल्या वहिनींचा मुलगा आता वीसचा होतोय. ट्रान्सपोर्टच्या लायसनला वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात आणि हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं लागतं. त्याच्याकडे दोन्ही आहे. फॉर्म भरायला त्याने माझ्याकडे मदत मागितली. आईने अजून हो म्हटलेलं नाही. "मालक किती तास चालवायला लावणार, ते आधी विचारून ये," एवढंच ती त्याला म्हणाली.