पहिला सिग्नल पायी चालणाऱ्यांचा होता

रेल्वेलाइनच्या आसपास वाढलेली माणसं अजूनही म्हणतात, "सिग्नल पडला, गाडी येईल आता." पूर्वी खांबावर एक हात असायचा. तो आडवा असला की गाडीनं थांबायचं, खाली पडला की निघायचं. हात गेले, दिवे आले, तरी बोलण्यात सिग्नल पडतच राहिला. रस्त्यावरच्या चौकात मात्र आपण "सिग्नल सुटला" म्हणतो, कारण तिथं पडण्यासारखं काही नसतं. पण जगातला पहिला रस्त्यावरचा सिग्नल खरोखरच पडायचा, कारण तो रेल्वेच्या माणसानं बनवला होता.

डिसेंबर १८६८. लंडनमध्ये पार्लमेंटजवळचा चौक. जॉन पीक नाइट या रेल्वे इंजिनिअरच्या कल्पनेतून तिथं एक उंच खांब उभा राहिला. दिवसा त्याचे हात वर-खाली व्हायचे, रात्री गॅसचे लाल आणि हिरवे दिवे जळायचे, आणि खाली उभा असलेला पोलीस हे सगळं चालवायचा. मोटारगाडीचा जन्म व्हायला तेव्हा सतरा-अठरा वर्षं अवकाश होता. मग एवढा खटाटोप कशासाठी? घोडागाड्यांच्या त्या गर्दीतून पार्लमेंटच्या सभासदांना आणि इतर पायी माणसांना रस्ता ओलांडता यावा, एवढ्यासाठी.

त्या सिग्नलमधली एक गोष्ट मला कमालीची सुंदर वाटते. तिथल्या हिरव्याचा अर्थ 'जा' असा नव्हता. पोलिसांनी जी जाहीर सूचना काढली होती तिच्याप्रमाणे हिरवा म्हणजे 'जपून': गाडीवानानं पायी चालणाऱ्यांच्या जिवाची काळजी घेत चौक पार करायचा. आणि लाल लागायचा तो फक्त त्यांना पलीकडे सोडण्यासाठी गाड्या थांबवाव्याच लागतील तेव्हा. म्हणजे दोन्ही रंगांच्या मध्यभागी होता तो चालणारा माणूस. लाल त्याच्यासाठी होता आणि हिरवाही त्याच्याचसाठी. पुढं मोटारी आल्या, शहरं वाढली, आणि हिरवा 'माझा' झाला, लाल 'समोरच्याचा' झाला.

तो खांब फार काळ टिकला नाही. जानेवारी १८६९ मध्ये गॅस गळून स्फोट झाला, दिवा सांभाळणारा पोलीस भाजला आणि सिग्नल काढून टाकला गेला. गंमत म्हणजे नेमक्या त्याच सुमाराला पॅरिसहून लंडनला एक नवं वाहन पोचत होतं. दोन चाकांचं, पायांनी चालवायचं. सायकल आणि सिग्नल यांची पहिली भेट अशी थोडक्यात हुकली.

त्यानंतर मात्र त्यांची रोज गाठ पडते आहे, आणि ती फारशी गोडीची नाही. सायकलवाले सिग्नल तोडतात ही तक्रार लंडनमध्ये आहे, न्यूयॉर्कमध्ये आहे, ॲमस्टरडॅममध्ये आहे. तोडणाऱ्याला बेशिस्त म्हणून मोकळं होण्याआधी त्याच्या पायांत काय चाललंय ते पाहू. मी स्वतः सायकल चालवतो, त्यामुळे रिकाम्या चौकात लाल दिव्यापुढं पाय टेकताना मांड्यांत उठणारी नाराजी मला ठाऊक आहे. ती निव्वळ आळसातून येत नाही. तिला भौतिकशास्त्र आहे.

सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरू, वेग ताशी १८ किलोमीटर. या जोडीत साठलेली गतिज ऊर्जा होते सुमारे १,०६० ज्यूल. आरामात पायडल मारणारा माणूस साधारण १०० वॅट शक्ती लावतो. म्हणजे ही ऊर्जा त्याच्या दहा-अकरा सेकंदांच्या मेहनतीची कमाई असते. ब्रेक दाबला की ती रबर आणि रिम यांच्यामध्ये ऊब होऊन उडून जाते, परत मिळत नाही. सपाट रस्त्यावर तेवढ्याच ऊर्जेत सायकल अंदाजे पाऊणशे मीटर गेली असती. मोटारवाल्याला थांबून निघताना फक्त पाय थोडा दाबावा लागतो. सायकलवाल्याला प्रत्येक थांब्याची किंमत अंगातून मोजावी लागते. बर्कलीतले भौतिकशास्त्रज्ञ जोएल फाजन्स यांनी २००१ साली सहलेखिकेसोबत याच विषयावर लेख लिहिला होता, सायकलस्वारांना 'थांबा'च्या पाट्यांचा एवढा राग का, असा. आणि यात एक नाजूक मेख आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पूर्ण न थांबता वेग निम्म्यावर आणला, तर पाव ऊर्जा हातात राहते आणि मान वळवून दोन्हीकडे बघायला वेळही मिळतो. सायकलस्वार वेग कमी करून, बघून, हळूच पुढं सरकतो, तेव्हा त्याच्या शरीरानं हे गणित आधीच सोडवलेलं असतं.

आता त्याच गणिताची दुसरी बाजू. १,२०० किलोची मोटार ताशी ३६ किलोमीटरनं येत असेल तर तिच्यात ६०,००० ज्यूल असतात, सायकलच्या सुमारे छप्पन्न पट. त्यामुळे सायकलवाले बेधडक म्हणतात, "आमच्या धडकेनं कुणाचं काय होणार?" हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चुकलेला आहे. आणि तो कुठं चुकतो हे मला कळलं तेव्हा मी कागद-पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

माणूस उभा राहतो हाच मुळी एक चमत्कार आहे. वितीएवढ्या दोन तळव्यांवर पाच-साडेपाच फुटांचा देह, त्यात सर्वांत मोलाची वस्तू सगळ्यांत वर ठेवलेली. हा डोलारा पोटऱ्या, डोळे आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव मिळून क्षणाक्षणाला सावरत असतात. चालताना तर आपण प्रत्येक पावलाला थोडे पडतो आणि पुढच्या पावलानं स्वतःला झेलतो. या देहाला बाजूनं धक्का बसला आणि झेलायला पाऊल मिळालं नाही, तर डोकं साधारण दीड मीटरवरून खाली येतं. दीड मीटरवरून सुटलेली कोणतीही जड वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग असतो ताशी साडेएकोणीस किलोमीटर. सायकलच्या वेगाएवढाच! सायकलनं द्यायचा असतो तो फक्त धक्का. उरलेलं काम पृथ्वी करते, आणि तिचं वजन कुणी मोजत नाही.

म्हणून सायकल हलकी असल्याचा दिलासा तरण्या माणसाला थोडाफार लागू पडतो, सत्तरीच्या आजींना जवळजवळ नाहीच. तरुण एक पाऊल मागं टाकून तोल सावरतो. आजींचं ते पाऊल क्षणभर उशिरा पडतं, आणि तेवढ्यात खुब्याचं हाड नाहीतर कवटी डांबरावर पोचलेली असते.

अशा अपघाताची जागाही बहुतेकांना वाटते ती नसते. पहाटेचा रिकामा चौक, चारी बाजू मोकळ्या, तिथं लाल ओलांडणारा सायकलस्वार नियम मोडतो खरा, पण तिथं धडकायला कुणी नसतं. खरा घात होतो भर गर्दीत, थांबलेल्या बसच्या डाव्या कडेला. लाल लागला, बस झेब्रापाशी उभी राहिली. चालणाऱ्यांना हिरवा मिळाला, ते उतरले. ज्याला हिरवा मिळतो त्याची मान वळत नाही. न वळवता जाता यावं हेच त्या दिव्यानं दिलेलं वचन असतं. मागून सायकलस्वार बस आणि फुटपाथ यांच्या फटीतून पुढं येतो. बसच्या आडोशामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत. इंजिन नाही, म्हणून आवाजही नाही; आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा तर सगळा रस्ता कानांवर चालतो. सायकलचा वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. धोका ओळखून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद, पाच मीटर गेले. दोन्ही ब्रेक चांगले असले तर आणखी तीन. नुसता मागचाच लागत असेल तर सहा. पावसात, आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या ओल्या पोलादी रिमवर, किती याचा अंदाज ज्यानं ती चालवली आहे त्यालाच असेल. आणि बसच्या पुढच्या कोपऱ्यापासून आजींपर्यंतचं अंतर असतं फार तर दोन मीटर.

त्यात आपले डोळेही फसवतात. मोठी वस्तू आणि छोटी वस्तू एकाच वेळी पोचणार असल्या, तरी छोटी उशिरा येईल असं मेंदूला वाटतं. ट्रकला आपण जरा जास्तच घाबरतो आणि सायकलला "येईल तेव्हा येईल" म्हणतो.

अशा धडकांवर कायद्यानं काय केलं? २०१६ मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या सायकलच्या धडकेत एका पादचारी स्त्रीचा मृत्यू झाला. खटल्यात सायकलस्वाराला ज्या कलमाखाली शिक्षा झाली ते १८६१ सालचं, बेफाम गाडी हाकण्याबद्दलचं, घोडागाड्यांच्या जमान्यातलं होतं. आपल्याकडची गोष्टही फार वेगळी नाही. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सायकल बसत नाही. पण १८६० च्या भारतीय दंडसंहितेतलं २७९ वं कलम सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कोणतंही वाहन हाकणाऱ्याला आणि स्वारी करणाऱ्याला लागू होतं, आणि आज तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते २८१ वं कलम म्हणून कायम आहे. त्यातून सायकल सुटत नाही.

शिक्षेपेक्षा मला जास्त ओढ वाटते ती अमेरिकेतल्या आयडाहो राज्यानं काढलेल्या वाटेची. १९८२ साली तिथं वाहतुकीचे कायदे नव्यानं लिहिले जात होते. सायकलस्वारांच्या किरकोळ खटल्यांनी न्यायाधीश कंटाळले होते. न्यायालयांचे प्रशासकीय संचालक कार्ल बियांकी यांनी मसुद्यात एक तरतूद घातली: 'थांबा'च्या पाटीपाशी सायकलस्वारानं वेग कमी करावा, कुणी येत असेल तर त्याला आधी जाऊ द्यावं, आणि नसेल तर न थांबता पुढं जावं. लाल दिव्यापाशी मात्र आधी पूर्ण थांबायचं, मगच रस्ता मोकळा बघून निघायचं. हे पुढं २००६ मध्ये कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं. ही सवलत मोकाट सुटण्याची नाही. तिच्यासोबत एक ओझं येतं: दुसऱ्याला आधी जाऊ देण्याचं. पॅरिसनं २०१२ मध्ये प्रयोग सुरू केले आणि २०१५ पासून शहरभर अनेक चौकांत छोटी त्रिकोणी पाटी लावली, सायकल आणि बाण असलेली. तिचा अर्थ असा की बाणाच्या दिशेनं सायकलस्वारानं लाल असतानाही जावं, पण पादचाऱ्याचा हक्क पहिला. १८६८ च्या त्या हिरव्या दिव्याचा अर्थ आठवा. दीडशे वर्षांनी तो लाल दिव्याखाली परत आला!

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये तर काही चौकांत सगळ्या मोटारी थांबवून चारी बाजूंच्या सायकलींना एकदम हिरवा देतात. कागदावर हे वाचलं की डोळे मिटावेसे वाटतात. पण चौकाच्या मध्यावर शंभरेक सायकली एकमेकींतून विणल्यासारख्या पार होतात, कारण तिथं दिव्याकडे बघणं संपतं आणि समोरच्या चेहऱ्याकडे बघणं सुरू होतं. वेग कमी, नजर वर, आणि आडवं कुठलंही बसचं धूड नाही.

पार्लमेंटजवळच्या त्या चौकातून २०१६ पासून सायकलींचा वेगळा मार्ग जातो. नाइटचा खांब होता त्याच परिसरात आता सायकलस्वारांचे स्वतःचे सिग्नल आहेत. त्यांतले छोटे दिवे स्वाराच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेले असतात आणि त्यांच्या काचेत सायकलची आकृती उजळते. ती लाल असते तेव्हा समोरून माणसं पायी रस्ता ओलांडत असतात.