नामदार गोखले : वर्गातून कायदे कौन्सिलात

शिक्षक राजकारणात शिरला की तो शाळेला मुकला, असे आपण सहज म्हणून जातो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र पाहिले असता मात्र निराळेच दिसते. त्यांनी शाळा सोडली; परंतु त्यांच्यातला शिक्षक त्यांना अखेरपर्यंत सोडून गेला नाही.

१८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोखले १८८४ साली पदवीधर झाले आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन अल्प वेतनावर त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे नाना विषय शिकविले. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक कित्येक वर्षे शाळांतून चालत होते. पाठ तयार केल्याविना वर्गात पाऊल टाकावयाचे नाही आणि आकड्याचा पडताळा घेतल्याविना उत्तर सांगावयाचे नाही, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती येथेच.

१८९९ साली ते मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले. त्या कौन्सिलाचे अधिकार किती तुटपुंजे होते, हे ध्यानी घेतले पाहिजे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारता येत व अंदाजपत्रकावर बोलता येई. पण त्यावर मत देता येत नसे. अशा सभेत प्रतिपक्षाला पटवून देणे एवढेच शस्त्र हाती उरते, आणि ते शस्त्र शिक्षकाचेच आहे.

१९०१ साली जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल पुढे आले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला पुन्हा द्यावयाची, परंतु ती विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा हक्क द्यावयाचा नाही, अशी त्यात योजना होती. सावकारापासून रयतेचे रक्षण व्हावे, हा सरकारचा युक्तिवाद. जमिनीवर पत नसेल तर अडीनडीला शेतकऱ्याने कर्ज कोठून काढावे, हा गोखल्यांचा प्रश्न. दुष्काळाने खचलेल्या रयतेवर हा प्रयोग नको, असे सांगूनही सरकार हटेना, तेव्हा फिरोजशहा मेहता यांच्यासमवेत गोखले व इतर काही सभासद सभागृहाबाहेर पडले. बिल पसार झालेच.

लवकरच ते वरिष्ठ कायदे कौन्सिलात गेले. तेथील १९०२ च्या पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात त्यांनी खजिन्यातील शिलकेची फोड करून दाखविली. ही शिल्लक प्रजेच्या भरभराटीची खूण नसून अधिक कर घेतल्याचे फळ आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. मिठावरील कराविरुद्ध ते सतत बोलत राहिले. दर मणी अडीच रुपये असलेला तो कर १९०३ साली दोन रुपयांवर आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला.

मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. त्यातील मागणी अतिशय बेताची होती. ज्या स्थानिक संस्थेची तयारी असेल, तिने सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेची सक्ती करावी. मुलींचा विचार पुढे व्हावा. तरीही खर्च झेपणार नाही, लोकांचीच इच्छा नाही, अशा हरकती निघाल्या. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते बिल फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत आपले देशबांधवही होते. पराभव होणार हे गोखले जाणून होते, आणि आपल्या पिढीने अपयशानेच देशसेवा करावयाची आहे, अशी त्यांची धारणा होती. १९१५ साली ते निवर्तले.

परंतु तो पाठ वाया गेला नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना शिक्षणाची सक्ती करण्याचा अधिकार मिळाला. २००२ साली घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली.

सभागृहातील मते त्याच दिवशी मोजली जातात. पेरलेल्या विचाराचे पीक मात्र पुष्कळदा पुढच्या पिढीच्या हाती येते. आपण निवडून दिलेल्या प्रतिनिधीचे मूल्यमापन करताना त्याने किती वेळा जय मिळविला एवढेच न पाहता, तो तयारी करून बोलला काय आणि कोणासाठी बोलला, हेही पाहावे, एवढीच विनंती.