ठोंबरे, त्र्यंबक बापूजी (बालकवी)

(१३ ऑगस्ट १८९०–५ मे १९१८). आधुनिक मराठीतील श्रेष्ठ निसर्गकवी. ‘बालकवी’ ह्या नावाने विशेष प्रसिद्ध. जन्म खानदेशातील धरणगाव (आता जळगाव जिल्हा) येथे. वडील पोलीस खात्यात नोकरीस असल्यामुळे त्यांच्या बदल्यांबरोबर बिऱ्हाड हलत राहिले व त्र्यंबकचे शालेय शिक्षण विस्कळीत झाले. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्यांनी आपल्या कविता म्हणून दाखविल्या. संमेलनाचे अध्यक्ष कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर ह्यांनी प्रसन्न होऊन त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. कीर्तिकर हे भारतीय औषधी वनस्पतींचे मोठे अभ्यासक. निसर्गकवीला त्याचे नाव एका वनस्पतिशास्त्रज्ञाकडून मिळाले, हा योगायोग लक्षणीय आहे.

ह्याच सुमारास रेव्हरंड ना. वा. टिळक ह्यांनी त्यांना जवळ केले. अहमदनगर येथे टिळकांच्या घरी ते मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाई टिळक ह्यांच्या स्मृतिचित्रे ह्या आत्मचरित्रात ठोंबऱ्यांचे हट्टी, हळवे व लहरी रूप जिव्हाळ्याने रेखाटलेले आहे. पुढे त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली. परंतु आयुष्यास स्थैर्य असे लाभले नाही.

निसर्ग मराठी काव्याला नवा नव्हता. पंडित कवींच्या आख्यानांत वनांची, सरोवरांची व ऋतूंची वर्णने संस्कृत संकेतांना अनुसरून येतात. पण ती कथेची सजावट असते. इंग्रजी काव्यात जेम्स टॉमसनच्या द सीझन्स (१७२६–३०) पासून विल्यम कूपरच्या द टास्क (१७८५) पर्यंत प्रत्यक्ष पाहिलेल्या निसर्गाला काव्यात हळूहळू स्वतःचे स्थान मिळत गेले व वर्ड्‌स्वर्थसाठी भूमी तयार झाली. मराठीत हे स्थित्यंतर दोन-तीन दशकांतच उरकले. केशवसुत (१८६६–१९०५) व टिळक ह्यांनी वाट मोकळी केली. तथापि केशवसुतांचा निसर्ग बहुधा विचाराकडे आणि टिळकांचा ईश्वराकडे नेतो. बालकवींना निसर्गातून अन्यत्र कोठे जावयाचे नसते. रंग, प्रकाश व गती ह्यांनी भारलेली ती एक स्वयंपूर्ण सृष्टी आहे आणि तिच्यातील प्रत्येक वस्तू सजीव आहे. ‘फुलराणी’त एका कळीचा सूर्यकिरणाशी विवाह लागतो, वारा सनई वाजवितो, निर्झर पखवाजाची साथ करतात. रूपक इतके लांबविले असूनही ते कृत्रिम वाटत नाही, ह्याचे श्रेय लहान मुलाच्या सहज विश्वासाने केलेल्या चेतनारोपाला व नाचऱ्या मात्रावृत्ताला आहे. ‘श्रावणमास’, ‘निर्झरास’, ‘अरुण’, ‘तारकांचे गाणे’ ह्या कविताही ह्याच आनंदमय सृष्टीतल्या.

ह्या कविता पाठ्यपुस्तकांतून पिढ्यानुपिढ्या पाठ झाल्या आणि पदवीतील ‘बाल’ हा शब्द कवीला जन्माचा चिकटला. त्यामुळे त्यांच्या काव्याची दुसरी बाजू सामान्य वाचकाकडून काहीशी दुर्लक्षित राहिली. ‘पारवा’मध्ये पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर एकट्या पक्ष्याचे उदास घुमणे आहे, ‘खेड्यातील रात्र’ ह्या कवितेतील अंधार भयाण आहे. ‘शून्य मनाच्या घुमटात’ व ‘दुबळे तारू’ ह्यांत निसर्गही कवीला आधार देत नाही. कारण सांगता न येणारी ही उदासीनता हर्षाच्या कवितांची विरोधी नसून त्यांचीच सावली होय : जो जगाशी इतका एकरूप होतो, त्याला त्यापासूनचे तुटलेपणही तितकेच जाणवते.

दोन्ही बाजूंचा मेळ ‘औदुंबर’ ह्या आठ ओळींच्या कवितेत पडला आहे. ओढ्याचे काठ, टेकडीजवळचे चिमुकले खेडे, दाट शेते, त्यांतून निघालेली पांढरी वाकडी पाऊलवाट, तिच्या शेवटी काळे पाणी आणि पाण्यात पाय सोडून बसलेले झाड, एवढाच तिचा ऐवज. हिरव्या-निळ्या रंगांकडून दृष्टी अलगद काळ्याकडे नेली जाते. भाष्य एकही नाही. हा औदुंबर कोणी विरक्त योगी, की कवीचे स्वतःचेच मन, की केवळ एक झाड, ह्याविषयी समीक्षकांत पुष्कळ चर्चा झाली. तीतील बहुतेक अर्थ कवितेला पेलतात. पण तिला त्यांची गरज नाही.

बालकवींच्या कवितांत पुनरुक्ती व अतिगोडवा हे दोष आढळतात. अनेक रचना अपुऱ्याच राहिल्या. जळगावजवळच्या भादली रेल्वे स्थानकाजवळ रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस होते आणि एकही संग्रह निघालेला नव्हता. भा. ल. पाटणकर ह्यांनी संपादिलेली बालकवींची समग्र कविता १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीच त्यांच्या शब्दकळेचा ठसा नव्या कवींवर उमटू लागला होता. पुढे मराठी कवितेला अगदी वेगळे वळण देणाऱ्या बा. सी. मर्ढेकरांच्या शिशिरागम (१९३९) ह्या पहिल्या संग्रहातही तो स्पष्ट दिसतो.