मारिओची बस, तापवलेला फॅमिकॉम आणि रडीचा डाव

१९९६ साली आलेल्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये शेवटच्या शत्रूकडे नेणारा एक जिना आहे. गाठीशी ७० तारे नसतील तर तो संपतच नाही. कितीही चढा, वरचं दार येत नाही. पण मारिओला पाठमोऱ्या लांब उड्या मारायला लावल्या की त्याचा वेग भन्नाट वाढतो आणि तो अख्खा जिना पार करून थेट दारात उभा राहतो. ७० ताऱ्यांची अट गेली उडत!

आता हा पराक्रम म्हणायचा की रडीचा डाव? गेम कमीत कमी वेळात संपवायची शर्यत म्हणजे स्पीडरनिंग, आणि त्या जगात या प्रश्नावर कडाक्याची भांडणं होतात. मारिओवाल्यांनी तोडगा काढला तो असा: १२० तारे, ७० तारे, १६ तारे, १ तारा आणि शून्य तारे अशा वेगवेगळ्या शर्यती. ज्याला जिन्याचा मान राखायचा आहे त्याने ७० ताऱ्यांची शर्यत धावावी, ज्याला तो ओलांडायचा आहे त्याने शून्याची. दोघांचे विक्रम वेगळे, दोघांनाही मान. निन्टेन्डोने १९९७मध्ये जपानात काढलेल्या सुधारित आवृत्तीतून ही पाठमोरी उडी काढून टाकली, पण धावणारे अर्थातच जुनी आवृत्ती शोधून धावतात.

या मंडळींचा न्याय मला मनापासून आवडतो. गेम वाटेल तसा फोडा, भिंतीतून जा, मेमरीत हात घाला, सगळं चालेल. फक्त काय केलं ते सर्वांसमोर सांगा आणि तीच सवलत दुसऱ्यालाही असू द्या.

दर २१ फ्रेमला एक बस

मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) पाच मिनिटांच्या आत संपतो. एप्रिल २०२१मध्ये निफ्टस्की या खेळाडूने तो ४ मिनिटं ५४.९४८ सेकंदांत संपवला आणि ४:५५च्या आत येणारा तो पहिला माणूस ठरला. तिथून पुढे सेकंदाच्या प्रत्येक तुकड्यासाठी झुंज आहे, कारण पातळी संपल्यावर पुढची पातळी लगेच सुरू होत नाही. गेम दर २१ फ्रेमला, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदाला, एकदाच ‘पुढे जायचं का?’ हे तपासतो. खेळाडू याला बस म्हणतात. स्टँडवर दोन मिनिटं आधी पोचलात तरी एसटी आपल्या वेळेलाच सुटणार. आधीची गाडी पकडण्याइतकी घाई जमली तरच फायदा. फक्त शेवटच्या ८-४ या पातळीला ही बस नाही, तिथे एकेक फ्रेम मोजली जाते.

वादाचा मुद्दा पुढे आहे. निफ्टस्कीने तो विक्रम केला संगणकाच्या कीबोर्डवर, एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरून. मूळ कंट्रोलरच्या अधिक-चिन्हासारख्या बटणावर डावं आणि उजवं एकदम दाबता येत नाही, कीबोर्डवर सहज येतं. म्हणून नियम झाला: कीबोर्ड चालेल, पण दोन्ही दिशा एकदम दाबायच्या नाहीत. मला हा नियम आदर्श वाटतो. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडले जाणारे कॅसेटवाले व्हिडिओ गेम बहुतेक निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला होत्या, आणि बऱ्याच लीडरबोर्डवर, म्हणजे विक्रमांच्या याद्यांत, नकली यंत्रं चालत नाहीत. सांगली-सोलापूरच्या पोराने अस्सल जपानी किंवा अमेरिकन यंत्र आणायचं कुठून? एम्युलेटरला दार उघडं ठेवलं म्हणूनच ही शर्यत जगाची झाली.

चिनी अक्षरं, जपानी शेगडी

पैशाचा प्रश्न सगळीकडे डोकावतो. ‘झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ (१९९८) या गेममध्ये संवाद भरपूर, आणि जपानी मजकूर इंग्रजीपेक्षा लवकर सरकतो, म्हणून इंग्रजी बोलणारे खेळाडूही जपानी आवृत्ती खेळू लागले. मग कळलं की चिनी त्याहून वेगवान! २००३मध्ये फक्त चीनच्या बाजारासाठी आयक्यू प्लेअर नावाचं यंत्र निघालं होतं. त्यावर चिनी मजकूर झटपट संपतो आणि खेळही कमी अडखळतो. पठ्ठ्यांनी चीनमधून ते यंत्र मागवलं. एक अक्षर वाचता न येता चिनीतून गेम संपवणारे खेळाडू बघून थक्क व्हायला होतं. पण विक्रमासाठी दुर्मीळ यंत्र विकत घ्यावं लागावं का, हा प्रश्न उरतोच. संगणकावरच्या गेममध्ये हीच अडचण वेगवान डिस्कची. तिथे मात्र अनेक समूहांनी चांगला उपाय केला: लोडिंगचा वेळ मोजणीतून वजा.

जपानी खेळाडूंची करामत तर अफलातून. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ धावताना त्यांनी फॅमिकॉम हे यंत्र चक्क विजेच्या तव्यावर, हॉट प्लेटवर, ठेवून तापवलं! यंत्र सुरू होताना मेमरीत जे आकडे उरलेले असतात त्यांवर तापमानाचा परिणाम होतो आणि हवा तो ग्लिच, म्हणजे गेमचा बिघाड, साधण्याची शक्यता वाढते. याउलट कार्ट्रिज खाचेत तिरकं करून गेमला भंजाळून सोडायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे.

गेम एक, कार्ट्रिज दोन

‘पेपर मारिओ’ची एक शर्यत तर ‘ओकारिना ऑफ टाइम’ने सुरू होते. आधी झेल्डा खेळून यंत्राच्या मेमरीत आपल्याला हवी ती आज्ञा पेरायची, मग चटकन यंत्र बंद करून कार्ट्रिज बदलायचं. वीज गेल्यावरही मेमरीतला मजकूर काही क्षण टिकतो, तेवढ्यात पेपर मारिओ सुरू झाला की तो गेम ती पेरलेली आज्ञा पाळतो. हा पेपर मारिओ संपवणं झालं का? समूहाने वाद घालून उत्तर दिलं: झालं, पण यादी वेगळी.

दुसरं टोक म्हणजे ‘बाटेन काइटोस’ (२००३). यात शाम्पू नावाची एक वस्तू आहे, तिची ‘सुंदर केस’ ही वस्तू व्हायला खऱ्या घड्याळाचे ३३६ तास लागतात. सगळ्या वस्तू गोळा करायची १०० टक्के शर्यत म्हणूनच दोन आठवड्यांहून लांब! अधूनमधून झोपायला परवानगी आहे, घड्याळ मात्र थांबत नाही. ‘गोल्डनआय ००७’मध्ये भानगड वेगळीच: गेमचं घड्याळ पूर्ण सेकंदच दाखवतं. धरणाच्या पहिल्या पातळीचा ५३ सेकंदांचा विक्रम पंधरा वर्षं हलला नाही, कितीतरी जण त्याच आकड्यावर बरोबरीत अडकले. डिसेंबर २०१७मध्ये ५२ झाले तेव्हा जल्लोष उसळला.

जिथे माफी नाही

इतकं सगळं चालतं म्हटल्यावर गुन्हा कोणता? खोटं बोलणं. इथे मात्र हे लोक हात धुऊन मागे लागतात.

२००३मध्ये मोरिमोटो या जपानी खेळाडूचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ अकरा मिनिटांत संपवणारा व्हिडिओ जगभर फिरला. तो एकेक फ्रेम थांबवून, मागे-पुढे करून रचलेला आहे हे कळल्यावर अनेकांना फसवल्यासारखं वाटलं. आज त्या प्रकाराला स्वतःचं नाव, स्वतःच्या याद्या आणि मोठा मान आहे. रचलेलं आहे हे आधीच सांगितलं की राग उरत नाही.

टॉड रॉजर्सच्या नावावर ‘ड्रॅगस्टर’ या अटारी गेमचा ५.५१ सेकंदांचा विक्रम १९८२पासून होता. गिनीजने २०१७मध्ये त्याला सर्वांत दीर्घकाळ टिकलेला व्हिडिओ गेम विक्रम म्हणून गौरवलं. त्याच सुमारास एरिक कोझिएल यांनी गेमचा कोड उलगडून गणित मांडलं: ५.५७च्या खाली जाताच येत नाही. जानेवारी २०१८मध्ये ट्विन गॅलॅक्सीज या नोंद ठेवणाऱ्या संस्थेने रॉजर्सचे सगळेच विक्रम काढून टाकले.

माइनक्राफ्टचं प्रकरण सर्वांत गाजलं. ऑक्टोबर २०२०मध्ये ड्रीम या लोकप्रिय यूट्यूबरने सहा थेट प्रक्षेपणांत शर्यती धावल्या. गेम संपवायला एंडर पर्ल आणि ब्लेझ रॉड लागतात, दोन्ही नशिबावर. पिगलिन या गेममधल्या प्राण्याला सोनं दिलं की पर्ल मिळायची शक्यता पाच टक्क्यांहूनही कमी. २६२ सौद्यांत बारा-तेरा मिळावेत, ड्रीमला मिळाले ४२. ब्लेझ हा शत्रू मारला की रॉड मिळायची शक्यता निम्मी. ३०५ ब्लेझमधून त्याला २११ मिळाले. विक्रम तपासणाऱ्या मॉडरेटरांनी २९ पानांचा अहवाल लिहिला. ड्रीमला संशयाचा फायदा देत देत केलेल्या हिशोबातही अशा नशिबाची शक्यता साडेसात लाख कोटींत एक निघाली! ड्रीमने एका खगोलभौतिकीच्या तज्ज्ञाकडून प्रतिअहवाल करून घेतला, मॉडरेटर हलले नाहीत. मे २०२१मध्ये त्याने मान्य केलं की नशीब बदलणारा मॉड, म्हणजे गेममध्ये घातलेला बदल, चालू होता. नकळत, असं त्याचं म्हणणं. विशेष म्हणजे त्यातली एकही धाव जागतिक विक्रम नव्हती. लाखो चाहते असलेल्या माणसासमोर बिनपगारी मॉडरेटर आकडे घेऊन उभे राहिले, याचं मला फार कौतुक वाटतं.

पुरावा जुना झाला तरी तपास शिळा होत नाही. ‘डायब्लो’ ३ मिनिटं १२ सेकंदांत संपवणारी ग्रूबो या खेळाडूची २००९ची धाव गिनीजमध्ये होती. गेम दरवेळी नवी तळघरं रचतो, म्हणून तपास करणाऱ्यांनी गेम रचू शकतो अशी २ अब्ज २० कोटींहून जास्त तळघरं संगणकाकडून शोधून घेतली. व्हिडिओतली तळघरं एकाच खेळात येऊच शकत नाहीत, हे दिसल्यावर २०२५मध्ये ती नोंद काढली गेली. ट्रॅकमॅनिया या मोटारशर्यतीच्या गेममध्ये तर रीप्ले फाइलमध्ये प्रत्येक बटण नोंदलेलं असतं, त्यामुळे गेम हळू करून केलेले विक्रम २०२१मध्ये बटणांच्या नक्षीवरूनच पकडले गेले. व्हिडिओ तुकडे जोडून बनवला असेल तर आवाजाच्या आलेखात सांधा दिसतो.

हे सगळं एकदा बघायचं असेल तर ‘गेम्स डन क्विक’पासून सुरुवात करा. २०१०मध्ये सुरू झालेला हा सोहळा वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि उन्हाळ्यात, आठवडाभर रात्रंदिवस चालतो. धावणाऱ्याशेजारी बसलेले जाणकार प्रत्येक युक्ती उलगडून सांगतात आणि जमलेला पैसा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या संस्थांना जातो. आवडता गेम सापडला की त्याच्या नियमांचं पानही जरूर वाचा. बहुतेक ओळींमागे असंच एखादं भांडण आहे.